चिचेन इत्झाच्या मोठ्या पिरॅमिडवर चढता येतं का?

नाही, मेक्सिकोतल्या या पिरॅमिडवर आता चढू देत नाहीत. 2006 मध्ये एक वयस्क पर्यटक पायऱ्यांवरून पडून दगावल्या, त्यानंतर चढणं बंद झालं. पायऱ्या फार उभ्या आहेत आणि हजारो पावलांनी दगडही झिजतो, त्यामुळे बंदी मला योग्यच वाटते. खालूनही बघण्यासारखं खूप आहे: चारही बाजूंना प्रत्येकी 91 पायऱ्या, वरचा चौथरा धरून 365, म्हणजे वर्षाचे दिवस! पायथ्याशी उभं राहून टाळी वाजवा. प्रतिध्वनी पक्ष्याच्या चिवचिवाटासारखा येतो. शक्यतो सकाळी 8 वाजता, गर्दीआधी पोहोचा. चिचेन इत्झा बांधणाऱ्या प्राचीन माया लोकांच्या एखाद्या मंदिरावर चढायचंच असेल तर ग्वाटेमालातल्या तिकाल या त्यांच्या जुन्या शहरातलं ‘चौथं मंदिर’ आहे, पण तिथेही मूळ पायऱ्यांवरून नाही, बाजूच्या लाकडी जिन्यानेच वर जायचं.