घरातल्या पोर्ट्रेटसाठी पहिला लाईट कोणता घ्यावा?

प्रश्न : काका, आम्ही सोलापुरात पूर्वभागात राहतो. यंत्रमागावर आयुष्य गेलेल्या आमच्या गल्लीतल्या आजी-आजोबांचे छान पोर्ट्रेट काढावेत, असं फार मनात आहे. खोली दहा बाय बारा, भिंती पिस्ता रंगाच्या. डीएसएलआर जुना आहे, लाईटसाठी दहा हजार जमवलेत. दुकानदार रिंग लाईट सुचवतो, मैत्रीण म्हणते स्वस्तातले दोन एलईडी घे. काय घेऊ?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : पोरी, आधी तुझं कौतुक. ही माणसं आहेत तोवर हे काम व्हायलाच हवं.

रिंग लाईट नको. तो लेन्सच्या भोवतीने, अगदी समोरून पडतो. ज्या सुरकुत्यांसाठी तू फोटो काढणार, त्याच पुसल्या जातात आणि बुबुळात पांढरी बांगडी उमटते. स्वस्त एलईडीचा उजेड अपुरा पडतो, आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता, चढवावी लागते, त्वचेचा रंगही बऱ्याचदा मातकट येतो. शिवाय सतत डोळ्यावर उजेड असला की म्हातारी माणसं डोळे बारीक करतात.

एकच मॅन्युअल फ्लॅश घे, म्हणजे ज्याची पॉवर हाताने लावायची असा. सोबत कॅमेऱ्यापासून दूर ठेवलेला फ्लॅश उडवणारा साधा ट्रिगर, स्टँड आणि फ्लॅश स्टँडवर बसवणारं ब्रॅकेट. टीटीएलवर, म्हणजे फ्लॅशची पॉवर आपोआप ठरवणाऱ्या सोयीवर, पैसे घालू नकोस. आजी खुर्चीत स्वस्थ बसलेली असते, पॉवर एकदा हाताने लावली की झालं. फ्लॅश सेलवर चालतो, वीज गेली तरी काम अडत नाही. आणि आपल्या एप्रिल-मेच्या उकाड्यात खोली तापवणारा हॅलोजन तर लावूच नये.

आता खरी गोष्ट तुझ्या भिंतींची. फ्लॅशचा प्रकाश मऊ करायला त्याच्यापुढे लावायची साधी पांढरी आरपार छत्री स्वस्त असते, पण तिच्यातून बराच प्रकाश मागे उलटतो. तो पिस्ता भिंतीवर आपटून परत येतो आणि गालाच्या सावलीत हिरवट झाक धरते. नंतर कॉम्प्युटरवर ती काढताना जीव मेटाकुटीला येतो. म्हणून मागून काळं कापड असलेला, छत्रीसारखा उघडणारा सॉफ्टबॉक्स (पुढे पांढरं कापड असलेली, फ्लॅशवर लावायची पेटी) घे, साधारण तीन फुटी. तो चेहऱ्यापासून तीन फुटांवर, बाजूने आणि डोक्यापेक्षा थोडा वर ठेव. मोठा आणि जवळ, म्हणून प्रकाश मऊ. मागची भिंत लाईटपासून सहा फुटांवर राहिली, तर तिच्यावर चेहऱ्याच्या चौथाईच प्रकाश पोचतो. ती आपोआप गडद होते. आजोबांना चष्मा असेल तर लाईट आणखी वर घे आणि हनुवटी किंचित खाली करायला सांग, काचेवरची चमक जाते.

चेहऱ्याच्या दुसऱ्या बाजूला, सावली थोडी उजळायला, थर्माकोलची पांढरी शीट उभी कर. मागे घरातली गडद सोलापुरी चादर टांग. तिची नक्षी ज्या हातांनी विणली, तेच हात मांडीवर ठेवून बसवलंस तर मला विशेष आनंद होईल.

आयएसओ 100, शटर 1/125 सेकंद, अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ 5.6 पासून सुरुवात कर. ट्यूबलाईट बंद. एक फोटो काढ, जास्त उजळ वाटला तर फ्लॅशची पॉवर उतरव.

पैसे उरले तरी दुसरा लाईट इतक्यात नको. चार्ज होणाऱ्या सेलचा आणखी एक संच आणि बरा चार्जर घे. सेल उतरले की फ्लॅश भरायला वेळ लावतो, आणि आजी बोलता बोलता हसते ते नेमकं तेव्हाच.