आठवीच्या वर्गात वाचनाचे गट कसे चालवावेत? माझी मुलं दहा मिनिटांत पुस्तक सोडून भलत्याच गप्पांवर येतात.

तुम्ही लिहिलंय की पाच-पाच जणांचे गट केले, प्रत्येकाला एकेक काम लिहिलेला कागद दिला, तरी चर्चा दहा मिनिटांत संपते आणि गाडी क्रिकेटवर जाते. मी कोल्हापुरात आठवी-नववीला मराठी शिकवते. पहिल्या वर्षी माझी चर्चा चार मिनिटांत आटोपली होती, तेव्हा तुम्ही माझ्या पुढेच आहात. आणि आमच्याकडे क्रिकेटही नाही, फुटबॉल. शाहू स्टेडियमवर काल कोणत्या पेठेची टीम जिंकली, हा विषय एकदा निघाला की मराठीचा तास गेलाच म्हणून समजा.

माझ्या मते घोळ त्या कागदांत आहे. वाचनगटांची ही पद्धत जगभर पोचली ती हार्वे डॅनियल्स या अमेरिकी शिक्षकाच्या १९९४ च्या पुस्तकामुळे. प्रश्न काढणारा, ओळी निवडणारा, चित्र काढणारा, अवघड शब्द शोधणारा, अशी कामं त्यात वाटून दिलेली आहेत. आपण तेवढंच उचलतो. पण २००२ च्या सुधारित आवृत्तीत त्यांनीच कबूल केलंय की हे कागद सुरुवातीपुरते होते आणि पुढे त्यांच्यामुळेच बोलणं यांत्रिक व्हायला लागलं. माझ्या वर्गात अगदी तेच झालं. पहिला उठला, कागद वाचला, बसला. दुसरा उठला. तोंडी परीक्षाच जणू, फक्त मार्क नव्हते. तिसऱ्या आठवड्यात सगळे कागद रद्दीत टाकले.

आता मुलं वहीचं अर्धं पान फाडून पुस्तकात ठेवतात. वाचताना जिथं अडलं, पटलं नाही किंवा हसू आलं, तिथला पान नंबर आणि एक ओळ लिहायची. उत्तर माहीत असलेला प्रश्न आणायचा नाही, हा एकच नियम. 'नायकाचे नाव काय?' छापाचे प्रश्न काही दिवस येतात, मग आपोआप बंद होतात, कारण त्यावर बोलायलाच काही नसतं.

दुसरी गोष्ट, पुस्तक मुलांनी निवडायला हवं. मी चार पुस्तकं घेऊन उभी राहते, प्रत्येकाबद्दल दोन मिनिटं बोलते, मग चिठ्ठीवर पहिली-दुसरी-तिसरी पसंती लिहून घेते आणि त्यावरूनच गट पाडते. हुशार आणि ढ अशी सरमिसळ मुद्दाम करत नाही. प्रतींचं म्हणाल तर पैसे नाहीतच. 'किशोर'चे जुने अंक बालभारतीनं इंटरनेटवर मोफत ठेवलेत, १९७१ पासूनचे. त्यातल्या कथा छापून घेते. बाकी करवीर नगर वाचन मंदिर आणि सहकाऱ्यांच्या घरची कपाटं. करवीरची ही संस्था १८५० ची आहे, मुलांना तिथं एकदा नेऊन आणा. नुसत्या कपाटांच्या रांगा बघूनच पोरं गप्प होतात.

वर्गात ५४ मुलं, बाक जड, आणि शेजारच्या वर्गातल्या सरांची तक्रार. म्हणून मी सगळे गट एकदम बसवत नाही. शनिवारी सकाळची शाळा असते, तेव्हा पाच गट व्हरांड्यात बोलतात, उरलेले आत वाचत बसतात. पुढच्या शनिवारी उलट. अगदी सुरुवातीला मात्र एक गट मधोमध बसवला आणि बाकीच्यांना भोवतीनं उभं करून बघायला लावलं. चर्चा म्हणजे काय, हे फळ्यावर लिहून कळत नाही.

आता सगळ्यात अवघड भाग: तुम्ही स्वतः. मी गटाजवळ स्टूल घेऊन बसले की पाचही जण माझ्याकडे बघून बोलायचे, वर "मॅडम, बरोबर हाय काय?" आता मी लांब उभी राहून कानावर पडेल ते वहीत जसंच्या तसं लिहिते आणि शेवटच्या पाच मिनिटांत त्यातली दोन-तीन वाक्यं नाव न घेता वर्गाला वाचून दाखवते. भाषा सुधारत नाही. आमच्याकडच्या मुलीसुद्धा 'मी वाचतो, मी जातो' म्हणतात. ते तसंच राहू देते. पुस्तकी बोला म्हटलं की निम्मा वर्ग मुका होतो.

एक प्रसंग सांगते. एका गटानं आनंद यादवांच्या 'झोंबी'तला, बाप पोराची शाळा सोडवून त्याला शेतात राबवतो, तो भाग घेतला होता. यादवांचं कागल इथून जवळच, म्हणून पुस्तक आपल्यातलंच वाटतं. शहरातल्या दोन मुली बापावर तुटून पडल्या होत्या. गटात एक मुलगा होता, गुऱ्हाळं सुरू झाली की ज्याची हजेरी हमखास गळते. जूनपासून वर्गात एक शब्द बोलला नव्हता. तो म्हणाला, "बापाला बी कुणी शाळंत घातलं न्हवतं की. त्येला काय म्हाईत, शाळा म्हंजे काय असतंय?" मुली गप्प झाल्या, मग त्यातली एक म्हणाली, "पण मग मारायचं कशाला?" पुढची वीस मिनिटं मला काहीच करावं लागलं नाही. तो बाप नीट कळायला माझं पाठाचं टिपण पुरलं नसतं, हे मी तेव्हाच कबूल करून टाकलं.

भलत्या गप्पांना घाबरू नका. पाच मिनिटं फुटबॉल झाला तर झाला. पानावरची चिठ्ठी खरी असेल तर परत येतात. ज्यानं वाचलंच नाही तो शिक्षा न होता बाजूला बसून वाचतो. इतरांचं हसणं कानावर येत असतं, तेवढं पुरतं. मुख्याध्यापकांनी 'हे कशात बसतं?' विचारलं तर आठवीच्या आकारिक मूल्यमापनात, म्हणजे वर्षभर वर्गात चालणाऱ्या मूल्यमापनात, तोंडी काम आहेच, तिथं नोंद करा. माझी वही मी पुरावा म्हणून दाखवते.

आणि एकटाच बोलणारा पोरगा प्रत्येक गटात असतो. त्यासाठी प्रत्येकाला तीन चिंचोके द्या. बोललं की एक मधे टाकायचा, तिन्ही संपले की बाकीच्यांचे संपेपर्यंत ऐकायचं. हा उपाय चालतो, फक्त चिंचोके दर महिन्याला नवे आणावे लागतात. पोरं भाजून खातात.