वॉर्डात पहिल्यांदा जाशील तेव्हा

अगं, पहिल्या पोस्टिंगला सगळ्यांना एकच भीती असते, सिस्टर ओरडतील. त्या भीतीपोटी चूक लपवू नकोस. विद्यार्थिनी असताना मी एकदा बीपी न मोजताच चार्टवर आकडा लिहिला. नंतर त्या आजींना चक्कर आली, तरी मी तोंड उघडलं नाही. ते अजून बोचतं.

इन्सुलिन भरताना फार जप. आपल्याकडच्या व्हायलमध्ये बहुतेकदा मिलिलिटरला ४० युनिट असतात, काहींत १००. चाळीसला लाल टोपणाची सिरिंज, शंभरला नारिंगी. शंभरचं इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजने भरलंस तर अडीचपट डोस जातो आणि शुगर धोकादायक उतरते. म्हणून आधी लेबल वाच, मग सिरिंज उचल, भरल्यावर दुसऱ्या सिस्टरला दाखव. ड्युटी बदलायच्या गडबडीतसुद्धा.

आणि "तुम्ही पाटीलकाका ना?" असं विचारू नकोस. नीट ऐकू न आलेला माणूसही मान हलवतो. "पूर्ण नाव सांगा" म्हण, मग केसपेपरशी ताडून बघ.

चुकलंच, किंवा चुकता चुकता राहिलं, तर लगेच इन्चार्ज सिस्टरना सांग. बोलणी बसतील कदाचित, पण पेशंटला ग्लुकोज वेळेत मिळेल.