जुन्या डिझेल गाडीचं ऑइल गळतंय, दोनदा चेंबरचं (इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या भांड्याचं) पॅकिंग बदलूनही थांबेना, काय करू?

आधी इंजिन धुवा राव, मग पार्ट बदला. ऑइल वरून गळतं आणि चालत्या गाडीत वाऱ्यानं मागं पसरतं, त्यामुळं थेंब चेंबरला लटकलेला दिसतो आणि मेकॅनिक बिचारं चेंबरच उघडतं, माझ्याकडं पण हेच झालं. शेवटी गार इंजिनाला डिग्रीझर मारून ब्रशनं घासलं, सुकल्यावर घरातली टाल्कम पावडर भुरभुरली आणि साताऱ्यातनं यवतेश्वर घाट चढून आलो. टॉर्च मारून बघितलं तर हेडच्या (इंजिनाच्या वरच्या भागाच्या) टोकाला, ब्रेकला मदत करणाऱ्या व्हॅक्यूम पंपाखाली पावडरीत ओली रेघ! आतली ओ-रिंग, म्हणजे गोल रबरी सील, प्लास्टिकसारखी कडक झालेली.

तुमचं तिथं कोरडं असेल तर टॅपेट कव्हर (इंजिनाचं वरचं झाकण), ऑइल फिल्टरची बैठक, टर्बोचा ऑइल परत आणणारा रिटर्न पाइप असं वरनं खाली बघत या. आणि ब्रिदर पाइप, म्हणजे इंजिनातली हवा बाहेर काढणारी नळी, विसरू नका, तो चोक झाला की आत प्रेशर वाढतं आणि नवीन सीलमधनंपण ऑइल बाहेर येतं. आयडलिंगला ऑइलचं झाकण हळूच सैल करा, जोरात भकाभका हवा आली तर आधी ब्रिदर साफ करा, तरी तसंच असेल तर बहुतेक पिस्टनच्या रिंगा गेल्यात, मग खर्च मोठा.