‘अस्मिता’ जपणारं संग्रहालय?

प्रश्न असा आहे: एका वस्तुसंग्रहालयाच्या माहितीपत्रकात ‘आपल्या प्रदेशाची अस्मिता जपणारे वस्तूसंग्रहालय’ असं छापलंय, तर तिथे ‘अस्मिता’ योग्य की ‘ओळख’?

ओळख. उत्तर संपलं. पण पाण्याच्या टाकीच्या उद्घाटनातही अस्मिता जागी व्हायला लागल्यापासून या शब्दावर माझा दात आहे, तेव्हा थोडं बोलतोच.

अभिमान, स्वाभिमान वगैरे अर्थ कोशात बघा. मजा घडणीत आहे. ‘अस्मि’ म्हणजे ‘मी आहे’. चक्क क्रियापदाचं रूप, आणि त्याला लावला ‘ता’! सुंदरचं सुंदरता ठीक, पण क्रियापदाला? व्याकरणकार ‘अस्मि’ला अव्यय मानून वाट काढतात. ‘अस्ति’चं अस्तित्व, ‘नास्ति’चा नास्तिक, त्याच गोतातली ही ‘मीआहेता’.

पतंजलीच्या योगसूत्रांत तर अस्मिता पाच क्लेशांपैकी दुसरा क्लेश आहे. ‘दृग्दर्शनशक्त्योरेकात्मतेवास्मिता’ (२.६): बघणारा आणि बघण्याचं साधन एकच वाटणं. नाकावरच्या चष्म्यालाच ‘मी’ म्हणावं, तसं. थोडक्यात, जपायची नव्हे, घालवायची गोष्ट!

मग क्लेशाचा अभिमान कसा झाला? माझा लाडका तर्क: गुजरातीमार्गे. गुजराती लेखक कन्हैयालाल मुनशींनी ‘गुजरातनी अस्मिता’ गाजवली. १९५६ ते १९६० आपण आणि गुजराती एका द्विभाषिक राज्यात नांदलो, म्हणजे भांडलो. भांडणात शब्द उसने मिळतात, परत कोणी मागत नाही. ‘संस्कृतातून थेट आला’ म्हणणाऱ्या पंडितांनी पतंजलीचा क्लेश आणि आजचा फलक यांच्यामधला पूल दाखवावा. नुसतं ‘तत्सम आहे’ म्हणणं ही व्युत्पत्ती नव्हे, आळस आहे.

पुण्याचं केळकर संग्रहालय घ्या. दिनकर केळकरांनी त्याला आपल्या गेलेल्या मुलाचं, राजाचं नाव दिलं. आत २० हजारांवर वस्तू: अडकित्ते, दिवे, दौती, वाद्यं. कुणाच्या तरी रोजच्या हाताळणीतल्या. त्यातला एकही अडकित्ता ‘अस्मि’ म्हणत नाही. म्हणालाच तर ‘आसीत्’ म्हणेल: होतं, इथे असं होतं. म्हणजे शब्द बनवायचाच तर ‘आसीत्ता’ बनवा. (छापू नका, लोक वापरतील.)

आणि ते माहितीपत्रक पुन्हा छापणार असाल तर ‘वस्तूसंग्रहालय’ आधी सुधारा. सुटा शब्द ‘वस्तू’, पण समासात पहिलं पद आलं की ‘वस्तु’ ऱ्हस्व: वस्तुस्थिती, वस्तुनिष्ठ, वस्तुसंग्रहालय.