वाचकांचे प्रश्न : कृषी विकासाच्या पदवीसाठी परदेशी जाताना

प्रश्न : मी बी.एस्सी. (कृषी) च्या अखेरच्या वर्षात शिकते. घरी द्राक्षबाग आहे. परदेशात कृषी विकास या विषयात एम.एस्सी. करण्याची इच्छा आहे. एका सल्लागाराने तीन देशांची नावे सुचवली असून येत्या वर्षीच प्रवेश घ्यावा, असा आग्रह धरला आहे. देश कसा निवडावा आणि एवढी घाई करावी काय?
– एक विद्यार्थिनी, तासगाव

उत्तर : घाई करू नये, हे आधी सांगतो. त्याचे पहिले कारण या अभ्यासक्रमाच्या स्वरूपातच आहे.

द्राक्षाची छाटणी, खतमात्रा किंवा रोगनियंत्रण यांचे अधिक ज्ञान मिळेल या अपेक्षेने या पदवीकडे जाऊ नये. ते हवे असेल तर उद्यानविद्या किंवा वनस्पतिशास्त्राचा अभ्यासक्रम घ्यावा. कृषी विकासाच्या अभ्यासक्रमात जमिनीची मालकी, पाण्याचे वाटप, पतपुरवठा, बाजारव्यवस्था आणि शासकीय धोरण यांचा शेतकऱ्याच्या निर्णयांवर काय परिणाम होतो, हे शिकवले जाते आणि त्यासाठी सांख्यिकी, क्षेत्र-सर्वेक्षण व मुलाखतीचे तंत्र यांवर बराच वेळ खर्च होतो.

तुमच्याच जिल्ह्यातले उदाहरण घ्या. वाळवा, पलूस, मिरज या तालुक्यांत उसाला वर्षानुवर्षे मोकाट पाणी दिल्याने नदीकाठची काळी जमीन क्षारपड झाली आहे. भूमिगत निचऱ्याच्या नळ्या किती खोल आणि किती अंतरावर टाकाव्यात, याचे उत्तर मृदशास्त्रज्ञ देतो. परंतु एकट्याच्या रानात नळ्या टाकून भागत नाही. पाणी नाल्यापर्यंत नेण्यासाठी ते शेजाऱ्यांच्या बांधातून न्यावे लागते, आणि काम तिथेच अडते. सर्व खातेदार एकत्र का येत नाहीत, खर्च कोणी व कोणत्या प्रमाणात सोसावा, ज्याची जमीन अजून चांगली आहे त्याने वर्गणी का द्यावी, हे प्रश्न कृषी विकासाचे आहेत. आटपाडी तालुक्यात टेंभू योजनेच्या पाण्याचे समन्यायी वाटप व्हावे यासाठी झालेली चळवळ किंवा तासगावच्या बेदाणा सौद्यांत लहान बागायतदाराला मिळणारे स्थान, हेही याच जातीचे विषय आहेत. असा एखादा प्रश्न मनात पक्का झाल्यावरच विद्यापीठ शोधावे. त्या प्रश्नावर काम करणारे प्राध्यापक जिथे असतील, तो तुमचा देश.

दुसरे कारण शिष्यवृत्तीचे. विकासविषयक पदव्युत्तर अभ्यासक्रमांसाठी जर्मनीची ‘डाड’ ही संस्था जी शिष्यवृत्ती देते, तिच्यासाठी पदवीनंतर किमान दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो, आणि शेवटची पदवी साधारणपणे सहा वर्षांहून जुनी चालत नाही. ब्रिटनच्या चिवनिंग शिष्यवृत्तीसाठीही दोन वर्षांचा, म्हणजे 2,800 तासांचा अनुभव आवश्यक असतो आणि शिक्षणानंतर दोन वर्षे मायदेशी परतण्याची अट असते. सातव्या सत्रातील ‘रावे’च्या, म्हणजे अभ्यासक्रमातल्याच ग्रामीण कृषी कार्यानुभवाच्या, भरवशावर यांपैकी कोणताही अर्ज करता येईल, असे धरून चालू नये. युरोपीय संघाच्या इरास्मस मुंडस शिष्यवृत्तीला अनुभवाची सरसकट अट नाही आणि त्यात किमान दोन देशांत शिकायला मिळते. मात्र तेथे जगभरातून अर्ज येतात आणि प्रत्यक्ष काम केलेला उमेदवार सहज पुढे निघून जातो. म्हणून एखाद्या शेतकरी उत्पादक कंपनीत, पाणलोटाचे काम करणाऱ्या संस्थेत किंवा कृषी विज्ञान केंद्राच्या प्रकल्पात दोन वर्षे काढावीत, असे माझे स्पष्ट मत आहे. सल्लागारांना ही दोन वर्षे वाया गेलेली वाटतात, कारण त्यांचे दलाली उत्पन्न बहुधा प्रवेशाशी बांधलेले असते.

आता देशांविषयी थोडे. नेदरलँड्समधील वाखनिंगन विद्यापीठ शेतीच्या शिक्षणात जगात अग्रगण्य मानले जाते, तेथील एम.एस्सी. दोन वर्षांची, 120 क्रेडिटची असून दुसरे वर्ष मुख्यतः प्रबंध व प्रत्यक्ष कार्यानुभव यांत जाते, परंतु युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना शुल्क वर्षाला सुमारे 20 हजार युरो पडते. जर्मनीत ग्योटिंगन व कासेल ही विद्यापीठे मिळून शाश्वत आंतरराष्ट्रीय शेतीचा इंग्रजी माध्यमाचा अभ्यासक्रम चालवतात आणि तेथे शिक्षणशुल्क नाही, केवळ सत्रवर्गणी असते. होहेनहाइम विद्यापीठ उष्ण कटिबंधातील शेतीसाठी नावाजलेले आहे. मात्र ते ज्या राज्यात येते तेथे परदेशी विद्यार्थ्यांकडून सत्राला 1,500 युरो घेतले जातात. जर्मनीत शुल्क असो वा नसो, व्हिसासाठी वर्षाचे 11,904 युरो, म्हणजे दरमहा 992 युरो, गोठवलेल्या खात्यात (ज्यातून दरमहा ठरावीक रक्कमच काढता येते) दाखवावे लागतात, आणि भारतीय विद्यार्थ्यांना नोव्हेंबर 2022 पासून शैक्षणिक कागदपत्रांच्या पडताळणीचे एपीएस प्रमाणपत्र सक्तीचे झाले आहे. ब्रिटनमधील रेडिंगसारख्या विद्यापीठांची पदवी एका वर्षात पुरी होते. राहण्याचा खर्च निम्मा होतो हे खरे, पण प्रबंधासाठी उन्हाळ्याचे जेमतेम तीन महिने उरतात. क्षेत्रकार्य गावी येऊन करायचे असेल तर दोन वर्षांचा अभ्यासक्रम बरा.

प्रश्न : मुलाला परदेशी पाठवण्यासाठी शैक्षणिक कर्ज घ्यायचे आहे. आमची पाच एकर बागायत आहे, परंतु बँक जमीन तारण घेण्यास नकार देते. पीक कर्जाला तीच जमीन चालते, मग शिक्षणाला का चालत नाही?
– एक पालक, कोरेगाव

उत्तर : यात शाखा व्यवस्थापकाचा आडमुठेपणा असेलच असे नाही. थकीत कर्जाच्या वसुलीसाठी न्यायालयात न जाता तारण ताब्यात घेण्याचा अधिकार बँकांना 2002 च्या सरफेसी कायद्याने दिला. परंतु त्याच कायद्याच्या कलम 31 ने शेतजमीन त्यातून वगळली आहे. शेतकऱ्याच्या रक्षणासाठी केलेली ही तरतूद शेतकऱ्याच्या मुलाच्या शिक्षणाला आडवी येते, ही गोष्ट फारशी कोणी बोलून दाखवत नाही. शिवाय सातबाऱ्याच्या इतर हक्कात विकास सोसायटीचा बोजा असेल आणि भावकीचे सहहिस्सेदार असतील, तर बँक आणखीच मागे सरते.

बिगरशेती भूखंड, गावठाणाबाहेरचे, कागदपत्रे स्वच्छ असलेले घर किंवा मुदत ठेव यांपैकी काही असल्यास तेच तारण म्हणून पुढे करावे. बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेनुसार साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जाला स्थावर तारण लागत नाही. विद्यालक्ष्मी पोर्टलवरून एकाच वेळी अनेक बँकांकडे अर्ज करता येतो. जे. एन. टाटा एंडोमेंट ही 1892 पासूनची संस्था परदेशी शिक्षणासाठी कर्जरूप शिष्यवृत्ती देते, तिचाही विचार करावा. व्याजावर कलम 80ई ची करसवलत मिळते असे तुम्हाला सांगितले जाईल. परंतु घरचे उत्पन्न केवळ शेतीचे असेल तर मुळात आयकरच नसतो, तेव्हा त्या सवलतीचा हिशेब धरू नये.

अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. अशा योजनांत विद्यापीठाच्या जागतिक क्रमवारीची अट असते आणि ती एकूण क्रमवारीची असते, विषयाची नव्हे. केवळ शेतीसाठी नामवंत असलेली लहान विद्यापीठे या अटीत बसत नाहीत, म्हणून प्रवेशपत्र हाती येण्यापूर्वीच चालू वर्षाची जाहिरात वाचावी.

प्रश्न : परदेशातून कृषी विकासाची पदवी घेऊन परतल्यावर कृषी विद्यापीठात प्राध्यापक होता येईल काय?
– एक वाचक, दहिवडी

उत्तर : थेट नाही. सहायक प्राध्यापकपदासाठी पदवी संबंधित विषयशाखेतील लागते, आणि आपल्याकडे शाखा आहेत त्या कृषी अर्थशास्त्र, कृषी विस्तार शिक्षण अशा. पीएच.डी. नसल्यास कृषी शास्त्रज्ञ भरती मंडळाची नेट परीक्षा त्याच शाखेतून उत्तीर्ण व्हावे लागते. ब्रिटनच्या एक वर्षाच्या पदव्यांना मान्यता देण्याचा करार भारताने 2022 मध्ये केला असला, तरी समकक्षता आणि विषयशाखा या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. प्राध्यापकीच हवी असेल तर प्रवेश घेतानाच अर्थशास्त्राचे किंवा विस्ताराचे जास्तीत जास्त विषय निवडावेत, प्रबंधही त्याच शाखेत करावा आणि गुणपत्रकावर ते स्पष्ट दिसतील असे पाहावे.