'जशी आहे तशी' म्हणून सही केली, तरी दाद मागता येते का?

साखळीहून एका शिक्षकांनी लिहिले आहे: "फेब्रुवारीत म्हापशाच्या एका जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याकडून सात आसनी डिझेल एसयूव्ही ७ लाख ४० हजारांना घेतली. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या जाहिरातीत 'एकच मालक, ६२ हजार किलोमीटर, पाणी न लागलेली' असे होते. जूनमध्ये वास यायला लागला म्हणून कार्पेट उचलले, तर खाली वाळलेला गाळ. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये जुनी नोंद निघाली, तिच्यात दोन वर्षांपूर्वीच १ लाख ३८ हजार किलोमीटर. शिवाय क्लच घसरतो, टायर संपलेत, मागचा एसी गार करत नाही, खालून गंज आहे. आरसी अजून पहिल्या मालकाच्या नावावर. ई-चलन आले की तो मला फोन करतो. विक्रेता म्हणतो, 'जशी आहे तशी' म्हणून सही केलीत, आणि पाणी तुमच्याच घरी शिरले असेल. मी काय करू? धाकटा भाऊ पेडण्यात एका ओळखीच्या माणसाकडून अशीच गाडी घेतोय, त्याने काय बघावे?"

सर, तक्रारी सहा सांगितल्यात, पण त्यातल्या चार आधी बाजूला काढू. सगळ्या एकाच दमात मांडल्या की समोरचा वकील टायरवरच बोलत बसेल आणि गाळाचा विषय मागे पडेल.

१९३० च्या माल विक्री कायद्याचे कलम १६ म्हणते की त्या मालाचाच धंदा करणाऱ्याकडून वर्णनावरून वस्तू घेतली, तर ती विकण्याजोगी असणे हे गृहीत असते. पण त्यालाच एक शेपूट आहे: खरेदीदाराने वस्तू तपासली असेल, तर त्या तपासणीत जे दिसायला हवे होते त्याबद्दल नंतर तक्रार नाही. तुम्ही गाडी चालवून पाहिलीत. टायर डोळ्यांना दिसतात. क्लच चढावावर कळतो. मागचा एसी बटण दाबून बघायचा होता. हे तिन्ही तुमच्या पदरात, आणि इथे 'जशी आहे तशी'चा कागदही विक्रेत्याच्या बाजूने आहे, कारण अशी गृहीत हमी दोघांच्या करारानेच काढून टाकता येते.

गंज मधल्या जागेत. समुद्राच्या हवेत गोव्यातल्या जुन्या गाडीला खालून गंज असणे नवल नाही. पण गंजावर ताजे काळे कोटिंग मारून ते झाकलेले असेल तर गोष्ट वेगळी. गाडी जॅकवर घेऊन तेवढे बघून घ्या.

उरले किलोमीटर आणि पाणी. तुमची केस एवढीच, आणि ती चांगली आहे. करार कायद्याच्या कलम १७ मध्ये खोटे सांगणे आणि माहीत असलेली गोष्ट मुद्दाम झाकणे, दोन्ही फसवणुकीत येतात. फसवणुकीने मिळवलेली संमती असेल तर कलम १९ खाली करार रद्द करता येतो, आणि तिथे 'जशी आहे तशी' ही सही आड येत नाही. जशी सांगितली 'तशी' ती गाडी नव्हतीच. विक्रेता म्हणेल, सर्व्हिसची नोंद आधीच का नाही बघितली? नुसते गप्प राहण्याच्या प्रकरणात हा बचाव चालतो. लेखी जाहिरातीत ६२ हजार छापल्यावर त्यात फारसा दम राहत नाही. मात्र मीटर आपणच मागे फिरवला नाही, आम्हालाही तो तसाच मिळाला, असे तो नक्की म्हणणार.

म्हणून पहिल्या मालकाशी भांडू नका. आज तो चलनावरून तुमच्यावर चिडलेला आहे, पण तुमचा सर्वांत उपयोगी साक्षीदार तोच. गाडी विक्रेत्याला दिली तेव्हा मीटर किती होता, गाडी कधी पाण्यात गेली होती का, विमा कंपनीकडे त्याचा दावा केला होता का, एवढे तीन प्रश्न त्याला विचारा आणि उत्तरे व्हॉट्सअ‍ॅपवर लेखी घ्या. पाण्याचा जुना दावा निघाला तर 'तुमच्याच घरी शिरले' हे बोलणे तिथेच संपते. तो मुद्दा हलक्यात घेऊ नका. २०२१ च्या जुलैत सत्तरी-डिचोलीत पुराने काय झाले ते सगळ्यांना ठाऊक आहे, वाळवंटी नदीचे पाणी साखळीच्या बाजारात येते हेही. ग्राहक आयोगासमोर कुणीही विचारेल की गाडी फेब्रुवारीनंतर भिजली नाही कशावरून. तुमच्या घराशी यंदा पाणी आले नसेल तर शेजाऱ्यांची प्रतिज्ञापत्रे करून ठेवा.

तोवर गाडी दुरुस्त करू नका, धुऊही नका. गाळ आहे तसा राहू द्या. अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये नेऊन तपासणीपुरते जॉब कार्ड करून घ्या. सीटच्या रेल्स, वायरिंगचे जोड, एअरबॅगचे कंट्रोल युनिट यांवरचा गंज किती जुना दिसतो ते त्यात लिहून मागा. जुन्या सर्व्हिसची छापील नोंद शिक्क्यासह घ्या. जाहिरात ज्या फोनवर आली तो फोन बदलू नका. नुसता स्क्रीनशॉट पुरत नाही, भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ चे, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचे, प्रमाणपत्र सोबत लागते.

आता तुम्हाला एक निवड करावी लागेल. पैसे परत हवेत, की गाडी ठेवून भरपाई? पैसे परत हवे असतील तर गाडी वापरणे बंद करा. फसवणूक कळल्यावरही महिनोन्‌महिने चालवत राहिलात तर तुम्ही सौदा मान्य केला असे धरतील. चवथीला गाडी भाड्याने घ्या, पण ही काढू नका. गाडी ठेवायची असेल तर उलट करा: आरसी ताबडतोब नावावर करून घ्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणे विकणाऱ्याने त्याच राज्यात १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत कळवायचे असते. ती मुदत तुम्ही ओलांडली आहे. विम्याचा तिसऱ्या पक्षापुरता भाग गाडीबरोबर येतो, पण तुमच्या गाडीच्या नुकसानीचा भाग आपोआप येत नाही. अपघात झाला तर नोंदणीवर ज्याचे नाव तो मालक जबाबदार, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या निकालात स्पष्ट केले आहे. पहिल्या मालकाची झोप कशाने उडाली असेल ते यावरून कळेल.

माझे मत विचाराल तर पैसे परत मागा. क्लच बदलता येतो. पाण्यात गेलेले वायरिंग आज एक दिवा घालवते, उद्या एअरबॅग उघडेल की नाही याची खात्री राहत नाही, आणि या गाडीत तुम्ही मुले नेता.

आधी नोंदणीकृत टपालाने नोटीस: करार रद्द केला आहे, गाडी तुमच्या ताब्यासाठी उभी आहे, १५ दिवसांत ७ लाख ४० हजार परत करा. उत्तर नाही आले तर उत्तर गोवा जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्याप्रमाणे तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, मुदत दोन वर्षांची, आणि दिलेली किंमत ५ ते १० लाखांत असल्याने शुल्क २०० रुपये. दोष नुसता बघून ठरत नसेल तर आयोग प्रयोगशाळेकडून तपासून घेऊ शकतो. कायद्यात निकालाला तीन महिने, तपासणी लागल्यास पाच महिने दिले आहेत; त्या हिशोबाने मुलांच्या फीचे बेत आखू नका. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून पाहा, काही विक्रेते तेवढ्यानेच बोलायला येतात.

"आम्ही फक्त मध्यस्थ" असे विक्रेता म्हणाला तर दोन गोष्टी बघा. पैसे कुणाच्या खात्यात गेले? आणि वाहतूक खात्याकडून त्याने अधिकृत विक्रेता म्हणून प्रमाणपत्र घेतले आहे का? १ एप्रिल २०२३ पासून जुन्या नोंदणीकृत गाड्यांच्या धंद्याला ते लागते, आणि मालकाने गाडी त्याच्याकडे सोपवल्याची सूचना खात्याला दिलेली असली की ती त्याच्याकडे असेपर्यंत तोच मालक समजला जातो. प्रमाणपत्र नसेल तर ती वेगळी तक्रार होते. पोलिसांत भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणुकीची तक्रार देता येते, पण ती फक्त पैसे काढण्यासाठीचा दबाव म्हणून देऊ नका. मीटरचे कागद हातात आले की द्या.

भावाचे प्रकरण निराळे. ओळखीचा माणूस धंदेवाला नाही, तेव्हा ग्राहक आयोग तिथे नाही आणि कलम १६ चे ते संरक्षणही नाही. फसवले गेल्यास दिवाणी कोर्ट, आणि ओळखीच्या माणसावर कोण दावा करतो! म्हणून त्याने सगळे आधीच बघावे. गाडी थंड असताना जावे. आधीच तापवून ठेवलेले इंजिन पहिल्या स्टार्टचा धूर लपवते. इंजिन चालू ठेवून ऑइलचे झाकण उघडावे, जोराचा धूर वर आला तर परत फिरावे. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढावा, पाण्याची रेघ तिथे पुसायची राहून जाते. चावी फिरवताच एअरबॅगचा दिवा लागून विझला पाहिजे. लागलाच नाही तर तो काढलेला असू शकतो. चॅसिस नंबर आरसीशी स्वतः जुळवावा. आरसीवर पूर्वी रेंट-अ-कॅबची नोंद होती का तेही पाहावे, काळ्या नंबर पाटीची भाड्याची गाडी खासगी पांढऱ्या पाटीवर येऊन 'घरची गाडी' म्हणून विकली जाते. दिल्लीकडून आलेली स्वस्त डिझेल गाडी असेल तर तिथे दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर आलेल्या निर्बंधांमुळे ती स्वस्त असू शकते; तिथल्या एनओसीशिवाय हात लावू नये.

आणि मीटरवरच्या किलोमीटरचा आकडा, गाडी पाण्यात गेलेली नाही, मोठा अपघात झालेला नाही, ही तीन वाक्ये विक्रीच्या कागदावर मालकाच्या सहीने घ्यावीत. कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि आरसीवरचा कर्जाचा बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ हातात पडेपर्यंत टोकनपलीकडे रुपया देऊ नये.